आर्डिथचे दोन दिवस

१ मार्च, रविवार

काल घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना जिंकलो, म्हणजे आज गावातला प्रत्येक माणूस बास्केटबॉलचा जाणकार. चर्चमध्ये प्रार्थना संपायच्या आत मागच्या बाकावरून कुजबुज आली, "आर्डिथ, पुढच्या वर्षी यातली किती पोरं राहतील?" म्हटलं, "देवाला विचारा, त्याच्याच घरात बसलाय तुम्ही." वेंडेलने कोपराने ढोसलं. नवरा म्हणून त्याचं तेवढंच काम उरलंय.

सव्वीस वर्षं मी कॅल्डर कॉलेजात खेळाडूंचे नियम सांभाळते. कोणी पोराला फुकट सँडविच खाऊ घातलं तरी त्याचा अहवाल लिहायचा मीच. पूर्वी वर्षातून एखादं पोर कॉलेज सोडून जायचं आणि तेही माझ्यासमोर मान खाली घालून उभं राहायचं. आता एप्रिल आला की माझ्या दाराशी रांग लागते, आणि मान खाली असते ती फक्त फोनमध्ये.

काल एक विचित्र प्रकार झाला. इझेल पेटिफर्ड म्हणजे आमचा तीन नंबरच्या जर्सीतला पोरगा. चेंडू त्याच्या हातात असला की मी निवांत बसते. त्याचं अजून एक वर्ष बाकी आहे. त्याची आई रेनेटा लांबच्या गॅरी शहराहून कोणाच्या तरी गाडीतून आली होती. सामना संपल्यावर बाई तडक मैदानात उतरल्या आणि "माझं बाळ ते" म्हणत आठ नंबरच्या पोराला घट्ट मिठी मारली! ते पोर लाकडासारखं उभं. इझेल धावत गेला, आईच्या कोपराला हात लावून म्हणाला, "मम्मा, मी इकडे." बाई खूप हसल्या. जरा जास्तच हसल्या. पोटच्या पोराचा नंबर ओळखू येऊ नये इतकी कशी घेतात माणसं? मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहिले. दारूचा वास आला नाही, पण काहींचा येत नाही म्हणे.

११ मार्च, बुधवार

साखळी स्पर्धेत एका गुणाने हरलो. सीझन संपला. कोच गिल रादमाकरने पोरांना गोल उभं करून सांगितलं, "आपण संघ नाही, कुटुंब आहोत." सांगताना त्याच्या खिशात फोन तीनदा थरथरला.

पोरांच्या कपाटांवरच्या नावाच्या पाट्या पूर्वी स्क्रूने बसवायचो. दोन वर्षांपासून चिकटपट्टीने लावतो, काढायला सोपं पडतं. कुटुंब म्हणे.

दुपारी इझेल आला. हा तसा अबोल, पण आज दोन मागण्या घेऊन आला. एक, पुढच्या वर्षीचं वेळापत्रक आलं की मोठ्या अक्षरांत छापून द्याल का, अगदी मोठ्या. दोन, घरच्या जर्सीवरचे आकडे काळे करता येतील का.

"पांढऱ्यावर पिवळं दिसत नाही, मिस आर्डिथ."

"शंभर वर्षं पिवळे आकडे आहेत, राजा. सगळ्या गावाला दिसतात."

"हो मॅम," म्हणाला आणि गेला. चांगला खेळायला लागला की प्रत्येकाला नखरे सुचतात. मला वाटलं होतं, हा तसा नाही.

७ एप्रिल, मंगळवार

कॉलेज बदलायच्या अर्जांची खिडकी उघडली. पंधरा दिवस. नऊच्या ठोक्याला पहिला अर्ज घेऊन आमचा सात फुटी ब्रॅन्सन हजर. हे त्याचं तिसरं कॉलेज, आता चौथ्याच्या शोधात. डॉटीने तिच्या हॉटेलात त्याच्या नावाचं डुकराच्या मांसाचं सँडविच ठेवलं होतं. दुपारी गेले तर ती शिडीवर चढून फळ्यावरचं नाव खरवडत होती. म्हणाली, "आर्डिथ, यापुढे सँडविचला मेलेल्या माणसांची नावं देणार. ती कुठे जात नाहीत."

नियम साधा आहे. पोराने लेखी अर्ज दिला की दोन कामाच्या दिवसांत त्याचं नाव आम्ही पोर्टलवर चढवायचं. पोर्टल म्हणजे देशभरच्या कोचांसमोर उघडी पडलेली यादी. नाव चढेपर्यंत बाहेरच्या कोचने पोराशी बोलायचं नाही. चढलं की फोन वाजायला लागतात.

चढवायचं काम खरं तर पाच मिनिटांचं. पण दोन दिवस दिलेत ना? मग मी ते पुरेपूर घेते. भिजवलेलं पीठ थोडं झाकून ठेवावं तसं पोरालाही ठेवावं लागतं. त्या दोन दिवसांत मी पर्सिमनचं, म्हणजे आमच्याकडच्या त्या गोड नारिंगी फळाचं, पुडिंग करते, पोराला बोलावून समोर बसवते आणि खाऊ घालते. (कॉलेजचं पुडिंग म्हणून, कॉलेजच्या खर्चाने. पावती असते.) काहीजण खातात आणि जातात. काहीजण खातात, रडतात आणि अर्ज परत मागतात. असे परत घेतलेले अकरा अर्ज बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवलेत. आख्खी इमारत त्याला "आर्डिथचे दोन दिवस" म्हणते. मला त्याचा अभिमान आहे, कशाला लपवू?

अर्जात कारणाचा रकाना असतो. तो मी वाचत नाही. सगळे तिथे काहीतरी गोड खोटं लिहितात.

१० एप्रिल, शुक्रवार

पाचला वीस मिनिटं होती. मी पर्स खांद्याला लावली होती. दारात इझेल, हातात अर्ज.

ब्रॅन्सन गेल्याचं काही नाही, तो येतानाच अर्धा गेलेला होता. पण इझेल?

"मिस आर्डिथ, आजच्या आज होईल का?"

"शुक्रवार आहे. घरी निघाले मी."

"पाच मिनिटांचं काम असतं ना?"

"कोणी सांगितलं?"

"ब्रॅन्सन म्हणाला."

"ब्रॅन्सनला वर्षभरात एक फ्री थ्रो टाकता आला नाही, तो आता मला माझं काम शिकवणार! कुठे जायचंय तुला?"

"लेकफ्रंटला."

लेकफ्रंट म्हणजे गॅरीतलंच विद्यापीठ, त्याच्या घरापासून तीन चौक. संघ सुमार. गेल्या वर्षी आम्ही त्यांना तीस गुणांनी धुतलं होतं.

"तिथे काय ठेवलंय?"

"घर," म्हणाला.

"घरी जायला नाताळची सुट्टी असते, पोर्टल कशाला? आई काय म्हणते? शाळेची बस चालवते ना ती?"

"नाही, मॅम. जानेवारीत सोडली नोकरी." आणि बुटांकडे बघत उभा राहिला.

घ्या. तेव्हाच सगळं ध्यानात आलं. बाईंनी नोकरी सोडलीय, कोणीतरी गॅरीतला काका पैशाची थैली घेऊन उभा असणार, आणि पोराने ती कमाई घरी आणून द्यायची. हल्ली खेळाडूंना पैसे मिळतात, कायद्याने मिळतात, त्याला माझी ना नाही. पण पोराच्या जिवावर आईने बसून खायचं म्हणजे काय!

कोच पार्किंगमध्ये गाठून म्हणाला, "आर्डिथ, तुझे दोन दिवस घे. एक मिनिटही कमी नको." त्याने सांगायची गरज नव्हती. शुक्रवारी संध्याकाळचा अर्ज, म्हणजे मंगळवारी पाचपर्यंत माझा.

११ एप्रिल, शनिवार

फ्रीझरमधला ऑक्टोबरचा पर्सिमनचा गर काढला. दुप्पट प्रमाण घेतलं.

वेंडेल ओट्याशी उभा राहून चमचा चाटत होता. चाळीस वर्षं चुनखडीच्या खाणीत काढलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून त्याला मतं फुटलीत.

"त्याला जायचं असेल तर जाऊ दे की," म्हणाला.

"तू आयुष्यभर दगड कापलेस. तुला माणसं नाही कळायची."

"दगड ठेवू तिथे राहतो, एवढं कळतं मला." मग म्हणाला, "आपल्या लेकीला, जोएललाही तू असंच थांबवलं होतंस. उन्हाळा संपेपर्यंत थांब, मग बघू. थांबली बिचारी. मग ओरेगॉनला गेली ती गेलीच."

विषय काय, आणि हा बोलतोय काय. जोएल स्वतःच्या मर्जीने गेली आणि दर नाताळला फोन करते. मी त्याच्या हातातला चमचा काढून घेतला.

१३ एप्रिल, सोमवार

आठला ऑफिसशी पोचले तर इझेल माझ्या दाराला टेकून जमिनीवर बसलेला. मी कुलूप उघडायच्या आत विचारलं, "चढवलं का?"

"आधी बस. खा."

बसला नाही. उभ्यानेच खाल्लं. पोर शिस्तीचं आहे, शेवटचा घासही पुसून घेतला. पण नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"दुपारच्या आत होईल का, मिस आर्डिथ? प्लीज."

"उद्या पाचपर्यंत होईल. नियमात बसतं ते."

"मला माहितीये नियमात बसतं."

"मग? दोन दिवसांनी कुठलं कॉलेज पळून जाणार आहे?"

"थँक यू फॉर द पुडिंग," म्हणाला. दुपारी बाराला खिडकीतून बघितलं तर बाहेरच्या पायऱ्यांवर फोन कानाला लावून उभा होता. मग फोन खिशात टाकला आणि तिथेच बसला. बराच वेळ बसला होता. म्हटलं, विरघळतोय.

१४ एप्रिल, मंगळवार

जिंकले!

चारला आला. "मिस आर्डिथ, अर्ज परत घेतो."

"विचार बदलला?"

"आता काही उपयोग नाही त्याचा."

"शहाणा आहेस. मला माहीत होतं, तू शहाणा आहेस." मी उठून त्याला मिठी मारली. खांदे पडलेले होते पोराचे. मनावर घेतलं होतं बिचाऱ्याने, ते ओझं उतरलं असणार. डब्यात बारावा अर्ज ठेवला. कोच नाचतच आला, मला "कॅल्डरची खरी पॉइंट गार्ड", म्हणजे सगळा खेळ चालवणारी, म्हणाला. सव्वीस वर्षांत त्याने माझ्या कामाबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य. तेही माझ्याबद्दल नव्हतंच म्हणा.

१५ एप्रिल, बुधवार

उरलेलं पुडिंग डब्यात घट्ट भरून रेनेटाबाईंना टपालाने धाडलं, स्वतःच्या खर्चाने. आधी नियम बघितला. खेळाडूच्या आईला घरचं पुडिंग पाठवणं बसतं की नाही यावर साडेतीन पानं आहेत, आणि शेवटी उत्तर नाही. पाठवलं.

मनात त्यांच्याबद्दल थोडी अढी होती, पण आनंदाच्या भरात विसरले. सोबत कार्ड लिहिलं, माझ्या बारीक वळणदार अक्षरात. या अक्षराला जिल्ह्याच्या जत्रेत दोनदा पहिल्या नंबरची निळी फीत मिळालीय. आजकालच्या पोरांना असं अक्षर वाचताही येत नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

फर्नचा फोन. फर्न लेकफ्रंटला माझंच काम करते. वीस वर्षांत आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही, पण गुडघेदुखीपासून सगळं एकमेकींना माहीत. ती म्हणाली, "तुझ्या त्या पेटिफर्डचं वाईट वाटलं."

"वाईट कशाला? राहिला की तो."

"आर्डिथ, हे मी सांगितलं असं कुठे बोलू नकोस. आमच्या कोचकडे एकच जागा होती. पोराशी थेट बोलता येत नाही, म्हणून त्याच्या शाळेच्या जुन्या कोचमार्फत निरोप होता. सोमवारी बारापर्यंत नाव यादीवर दिसलं तर जागा त्याची. बारा वाजले, एक वाजला. मग ओहायोच्या एका पोराला दिली. मला वाटलं तुमची यंत्रणा बंद पडली की काय."

"यंत्रणा चालू होती," मी म्हणाले.

फोन ठेवला. कोचला जाऊन सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "म्हणजे आपला प्लॅन चालला." आपला! मी म्हटलं, पोर मनाने राहिलेलं नाही, अडकलंय. तर म्हणे, "गुण मोजताना कोणी मन मोजत नाही, आर्डिथ."

दिवसभर चिडचिड. कोचवर, फर्नवर, त्या ओहायोच्या पोरावर. इझेलवरही. तोंड नव्हतं का त्याला? सोमवारी बारा म्हणून सांगायचं होतंस ना!

पण त्याने सांगितलं होतं. दुपारच्या आत, प्लीज, म्हणाला होता.

१८ एप्रिल, शनिवार

हे लिहायला हात धजत नाहीये, पण लिहिते.

सकाळी अकराला रेनेटाबाईंचा फोन आला. आवाज भरदार आणि हसरा, पन्नास पोरांची बस एका हाकेत गप्प करणारा.

"मिस आर्डिथ? तुमचं पुडिंग पोचलं. देवाशपथ, अर्धं मी उभ्यानेच संपवलं. इझेल उभ्यानेच खातो ना, माझ्यावर गेलाय."

मी म्हटलं, आवडलं ना, झालं तर मग.

"एक काम होतं. सोबत कार्ड आहे तुमचं. हाताला लागतंय, पण वाचायला घरात आत्ता कोणी नाही, आणि शेजारणीला दाखवायला मला आवडत नाही. तुम्ही काय लिहिलंय ते जरा सांगता का? तुमच्याच तोंडून ऐकते."

"चष्मा सापडत नाही का?" मी विचारलं. खरंच हेच विचारलं मी.

"चष्म्याचं काम संपलं हो आता. इझेल बोलला नाही? माझं पोर ते, मीच सांगितलं होतं बोलू नको म्हणून. लोक एकदम हळू आवाजात बोलायला लागतात, जसं काय मी बहिरी झालेय. डोळे जातायत माझे. मधलं गेलंच, आता कडेचं राहिलंय. जानेवारीत बस सोडली. दुसऱ्यांची लेकरं होती ना आत. डॉक्टर म्हणतो, पुढच्या नाताळपर्यंत थोडंफार दिसेल, पुढचं तो बोलत नाही. वाचा ना."

मी काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. दोनदा कच्चं लिहून मग उतरवलं होतं. तसंच म्हणून दाखवलं: "प्रिय रेनेटा, तुमचा इझेल आमच्याकडेच राहतोय, याचा आम्हाला फार आनंद आहे. पुढचं वर्ष त्याचं सगळ्यात सुंदर वर्ष असेल. बघाच तुम्ही."

पलीकडे कार्ड टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"छान लिहिलंय," बाई म्हणाल्या. "घराजवळ खेळला असता तर बरं झालं असतं, पण जागा भरली म्हणाला. असू दे. रेडिओवर लागतात तुमचे सामने. तो माणूस ओरडतो फार, पण समजतं."

काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. तशीच कोट न घालता ऑफिसला गेले. शनिवारी इमारत रिकामी असते. डब्यातून बारावा अर्ज काढला. कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते: आईचे डोळे.

तिथेच खुर्चीवर बसून रडले. मग बाकीचे अकराही वाचले. सगळे खोटं लिहितात असं मी समजत होते. एकाने लिहिलं होतं, इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. त्याला मी पुडिंग खाऊ घालून थांबवलं होतं. पुढचं वर्षभर तो बाकावर एकटा बसायचा.

२० एप्रिल, सोमवार

इझेलला बोलावलं. टेबलावर पुडिंग नव्हतं. त्याने आधी टेबलाकडेच बघितलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"मम्माला कीव आवडत नाही."

"मला तरी सांगायचंस. मी काय परकी आहे?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मिस आर्डिथ." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तिथे काय ठेवलंय, एवढं विचारलंत. मी घर म्हणालो. मग तुम्ही पुडिंग दिलंत."

"खिडकी उद्यापर्यंत उघडी आहे. आत्ता चढवते नाव. पाच मिनिटं."

"कुठे जाऊ? गॅरीत एकच कॉलेज आहे, ते भरलं. बाकीची सगळी घरापासून इतकीच लांब. तिला पुढच्या वर्षी एकदा तरी नीट बघता यावं, एवढंच होतं. त्या दिवशी तिने आठ नंबरला मिठी मारली, आणि रात्री घरी जाताना गाडीतून फोनवर हसत होती. मग हसायची थांबली."

सॉरी म्हणाले. सव्वीस वर्षांत या टेबलामागून पहिल्यांदा. तो म्हणाला, "इट्स ओके, मिस आर्डिथ," आणि दाराशी जाऊन वळला. "ते काळ्या आकड्यांचं... जमलं तर बघा. आठ आणि तीन पिवळ्यात सारखेच दिसतात तिला."

मी थेट कोचकडे गेले. कॉलेजचे रंग, परंपरा, माजी विद्यार्थी, सगळं ऐकवलं त्याने. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "गिल, मार्चमध्ये तू कुठल्या कुठल्या कॉलेजात नोकरीसाठी फोन केलेस ते मला ठाऊक आहे. फोनचं बिल माझ्याच टेबलावरून जातं. कुटुंबाला सांगू का?"

आकडे काळे होतील.

२१ एप्रिल, मंगळवार

पाचला खिडकी बंद. आज आलेले दोन अर्ज आल्या आल्या चढवले. दुसरा पोरगा दारातच थांबून विचारतो, "पुडिंग नाही?" म्हटलं, पुडिंग हवं असेल तर नोव्हेंबरात ये, बिनअर्जाचं मिळेल.

८ नोव्हेंबर, रविवार

पाय सुजलेत, कंबर धरलीय, आणि वेंडेल माझ्याशी तासभर बोललेला नाही. कारण त्याला वाटेत कुठेही कॉफीला थांबू दिलं नाही.

काल सीझनचा घरचा पहिला सामना. पहाटे सहाला आम्ही दोघं निघालो, साडेदहाला गॅरी. गॅरीहून इकडे यायला धड बस नाही, इझेलकडे गाडी नाही, आणि सामन्याच्या दिवशी त्याला सोडणार कोण? रेनेटाबाई कोट घालून पायरीवर तयार. वाटेत वेंडेलला सांगतात, "दादा, तुमचा गिअर उशिरा पडतो, आवाजावरून कळतं." मी असं काही म्हटलं असतं तर घटस्फोट झाला असता. त्यांना मात्र "हो मॅम" म्हणाला.

डॉटीकडे जेवलो. बिल मी दिलं.

सामन्याला पहिली रांग, आमच्या बास्केटच्या खाली. माझ्याकडून मदत म्हणून मी त्यांच्या कानात सुरू केलं, "आता चेंडू त्याच्याकडे आला, आता डावीकडे, आता..." बाईंनी मान तिरकी केली होती, चिमणीसारखी, कडेच्या नजरेने बघायला. थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "मिस आर्डिथ, जरा गप्प बसा ना. बघू द्या मला."

गप्प बसले. पांढऱ्यावर काळा तीन पुढे मागे पळत होता.

सामना संपला, हरलो. बाई उठल्या आणि सरळ मैदानात गेल्या. दहा पांढऱ्या जर्सी घोळक्यात उभ्या होत्या. मी मागून धावणार होते, वेंडेलने दंड धरला. बाईंनी एक आठ नंबर ओलांडला, एक पाच नंबर ओलांडला, आणि तीन नंबरला मिठी मारली.

रात्री त्या जोएलच्या खोलीत झोपल्या. पलंगावरचे खोके आधी उतरवावे लागले. आज सकाळी त्यांना परत पोचवून आलो. एकूण हजार चाळीस मैल.

९ नोव्हेंबर, सोमवार

आठला ऑफिस उघडलं. पोरांना आता लाखांनी पैसे मिळतात, त्याला कोणी विचारत नाही. पण कॉलेजच्या माणसाने खेळाडूच्या आईला फुकट गाडीतून आणणं आमच्या नियमांत अजून बसत नाही. हे मला माहीत नसेल तर कोणाला? सँडविचवरून मी लोकांविरुद्ध अहवाल लिहिलेत. म्हणून नियमभंगाचा फॉर्म काढला आणि भरला.

नियमभंग करणारी व्यक्ती: आर्डिथ केसिंजर. नियमभंगाची माहिती देणारी व्यक्ती: आर्डिथ केसिंजर. दिलेला लाभ: मोटारप्रवास हजार चाळीस मैल, एक रात्र मुक्काम, डुकराच्या मांसाचं सँडविच एक, पुडिंग दोन वेळा. लाभ घेणाऱ्या व्यक्तीला हे नियमाविरुद्ध असल्याचं माहीत होतं का: नाही, मी बोलले नाही. देणाऱ्या व्यक्तीला माहीत होतं का: सव्वीस वर्षांपासून.

कारणाच्या रकान्यात इझेलचेच दोन शब्द लिहिले.

शेवटचा रकाना: असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून काय उपाय योजले आहेत? त्यावर पेन टेकवून जरा वेळ बसले. मग लिहिलं: उपाय योजलेला नाही. पुढचा घरचा सामना शनिवारी, चौदा तारखेला आहे. पहाटे सहाला निघणार.

अहवाल वर पाठवायला दोन कामाचे दिवस मिळतात. साडेआठ वाजायच्या आत पाठवून दिला.